संजीवनी पाजायला किती वेळ लागतो?

तर मंडळी, झालं असं की २०१९ च्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री, कोथरूडातल्या आमच्या फ्लॅटवर, एका बुटक्याचा जीव गेला. माझ्यामुळे.

घाबरू नका. बुटका कागदावरचा होता. आम्ही सहाजण दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (यापुढे डी अँड डी) खेळायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने डंजन मास्टर (डीएम) व्हायचं. डीएम गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. तोंडी गोष्ट आणि सापशिडी यांचं लग्न लावलं तर जे मूल होईल ते. :-)

त्या रात्री डीएम मी. एका मित्राचा 'दगडोबा' नावाचा बुटका लढवय्या, तीन वर्षं जपलेला, एका ऑगरच्या (मराठीत राक्षसच म्हणू) सोट्याखाली शून्य हिट पॉइंटवर येऊन आडवा झाला. शून्यावर गेलेलं पात्र लगेच मरत नाही. आपल्या पाळीला ते वीस बाजूंचा फासा टाकतं. दहा किंवा जास्त पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशं आधी आली तर तगलं, तीन अपयशं आधी आली तर रामराम. दगडोबाच्या खात्यावर एक अपयश जमा झालेलं. शेजारीच आमच्या मैत्रिणीची 'चिंगी', पेशाने चोर. तिच्या कमरेला एक जादूची औषधी कुपी, म्हणजे हीलिंग पोशन.

मैत्रीण म्हणाली, "बोनस ॲक्शनमध्ये मी दगडोबाच्या तोंडात कुपी ओतते, आणि ॲक्शनमध्ये राक्षसाला सुरा मारते."

मी म्हणालो, "नाही जमणार. पाजायला अख्खी ॲक्शन लागते."

"अरे, मी चोर आहे! 'फास्ट हँड्स' आहे माझ्याकडे. वस्तू वापरणं मला बोनस ॲक्शनमध्ये जमतं. आणि कुपी काय, दोरखंड आणि मशालीच्या यादीतच छापलीय, पन्नास सोन्याची नाणी."

मुद्दा बिनतोड वाटतो ना? पण मी (आमच्या धंद्याला जागून) दोन्ही पुस्तकं कोळून प्यायलेला. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये त्या यादीखालीच लिहिलंय की पोशन पिणं किंवा पाजणं ही एक ॲक्शन. आणि डीएमच्या पुस्तकात स्पष्ट आहे की जादूच्या वस्तूला 'फास्ट हँड्स' लागू नाही. मी पान उघडून दाखवलं. टेबल गप्प.

मैत्रिणीने विचार केला. राक्षस बराच जखमी होता. तिने सुरा मारला. लागलाही. राक्षसाचे ४ हिट पॉइंट उरले. त्याची पाळी आली, त्याने पायाशी पडलेल्या दगडोबावर सोटा हाणला. बेशुद्ध माणसावर अगदी जवळून लागलेला वार आपोआप 'क्रिटिकल' धरतात आणि तो दोन अपयशांच्या बरोबर. एक अधिक दोन, तीन. दगडोबा गेला.

मित्र काही बोलला नाही. कागद घडी घालून टेबलावर ठेवला आणि "उद्या लवकर उठायचंय" म्हणून निघून गेला. उद्या रविवार होता.

नियमाप्रमाणे मी शंभर टक्के बरोबर होतो. तरी झोप लागेना. डोक्यात किडा वळवळायला लागला: पडलेल्या सोबत्याच्या तोंडात चार घोट ओतायला नक्की किती वेळ लागतो, आणि हे ठरवलं कोणी? त्या किड्यापायी पुढचे कित्येक वीकेंड जुनी रूलबुकं वाचण्यात गेले. त्याचंच हे सार.

शिशाच्या शिपायाला कोण पाणी पाजणार?

डी अँड डी चं मूळ आहे युद्धाच्या खेळांत. १८२४ मध्ये प्रशियात राइसवित्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने, वडिलांनी सुरू केलेल्या कामावरून, नकाशावर खेळायचा 'क्रीगस्पील' तयार केला. त्यात फासे होते आणि निकाल देणारा पंचही. पुढे छंद म्हणून असे खेळ खेळणारी मंडळी युरोप-अमेरिकेत वाढली. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' आलं: मध्ययुगीन लढायांचे नियम, मागे जादूगार-ड्रॅगन यांची पुरवणी. चेनमेलमधली एक पाळी म्हणजे लढाईतलं साधारण एक मिनिट.

या खेळांत शिपाई म्हणजे शिशाची बाहुली. मेला की पटावरून उचलायचा. त्याच्या तोंडात औषध ओतायचा प्रश्नच नाही, कारण तो 'कोणी' नव्हताच.

तो 'कोणी' झाला डेव्ह आर्नेसनच्या टेबलावर. मिनेसोटात आर्नेसन 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ चालवायचा आणि त्यात प्रत्येकाचं एकच पात्र, आठवड्यामागून आठवडे तेच. एका फटक्यात आपलं पात्र मेलेलं लोकांना आवडेना, म्हणून त्याने हिट पॉइंट आणले. त्याने नंतर सांगितल्याप्रमाणे ही कल्पना त्याने चिलखती जहाजांच्या खेळातून उचलली. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, मग माणूस तरी का मरावा? गंमत बघा, जीव वाचवायचा पहिला उपाय माणसाला जहाज समजून निघाला.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावाने डी अँड डी छापून आलं. विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा नावाचं गाव, टीएसआर नावाची घरगुती कंपनी, खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या हजार प्रती. त्यात हीलिंगचं पोशन होतं. पण शून्य हिट पॉइंट म्हणजे मरण. मधली पायरीच नाही. म्हणजे औषध पडायच्या आत प्यायचं, पडल्यावर उपयोग शून्य. 'सोबत्याला पाजणं' हा नियम नव्हता, कारण तशी वेळच यायची नाही.

एक मिनिट, एक कोमा, एक आठवडा

ती वेळ आली १९७९ मध्ये, गायगॅक्सच्या 'ॲडव्हान्स्ड' डी अँड डी च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये. (हे पुस्तक म्हणजे अडगळीच्या खोलीसारखं आहे. शोधायला जावं सुई, सापडतो पाटा-वरवंटा.) त्यात शून्यावर आलेलं पात्र बेशुद्ध पडतं आणि दर राउंडला एकेक पॉइंट गमावत उणे दहावर मरतं. पण कोणी मदतीला धावलं की घसरण त्याच राउंडला थांबते. मदत म्हणजे काय, तर जखम बांधणं, श्वास सुरू करणं, किंवा तोंडात काहीतरी ओतणं. दारू चालेल, हीलिंग पोशन चालेल.

इथे राउंड होता एक मिनिटाचा. मिनिटभरात बूच काढून ओतून होतंच की! त्यामुळे 'ही ॲक्शन की बोनस ॲक्शन' असला हिशेब नव्हता. प्यायल्यावर पोशन लागू व्हायला मात्र २ ते ५ 'सेगमेंट' जायचे. सेगमेंट म्हणजे ६ सेकंद.

खरी मेख पुढे आहे. असा वाचवलेला माणूस १ ते ६ 'टर्न', म्हणजे १० मिनिटं ते एक तास, कोमात राहायचा. मग किमान आठवडाभर सक्तीची विश्रांती. म्हणजे पाजणं सोपं, पण पाजून लढाई जिंकता येत नसे. जीव वाचायचा, हात वाढायचा नाही. उलट वाचलेल्याला खांद्यावर टाकून अंधाऱ्या भुयारातून बाहेर न्यायचं काम वाढायचं. मदत ही निव्वळ मदत होती.

वाटून पिण्याचीही सोय होती. 'एक्स्ट्रा-हीलिंग' पोशन अख्खं प्यायलं तर ६ ते २७ पॉइंट, किंवा तिसरा हिस्सा घेतला तर १ ते ८. एका कुपीत तिघांचं भागायचं. वर गायगॅक्सने पोशनं एकमेकांत मिसळली तर काय होईल याचा शंभराचा तक्ता दिलेला: एक पडला तर स्फोट, शंभर पडले तर त्यातल्या एकाचा गुण कायमचा अंगी. आमच्या हॉस्टेलात थर्टीफर्स्टला होणारी मिश्रणं याच तक्त्यावर चालत असावीत. :-)

सहा सेकंदांचं अर्थशास्त्र

१९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने टीएसआर विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. जॉनथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स हे तिचे कर्ते. त्यांनी राउंड एक मिनिटावरून सहा सेकंदांवर आणला. वरवर छोटासा बदल. पण मिनिटात माणूस 'बरंच काही' करतो, सहा सेकंदांत 'एक-दोन गोष्टी' करतो. आता प्रत्येक हालचालीला किंमत लावावी लागली. स्टँडर्ड ॲक्शन, मूव्ह ॲक्शन, फुल-राउंड ॲक्शन. ॲक्शन हे चलन झालं.

२००३ च्या सुधारित आवृत्तीतला (३.५) दर बघा. कुपी बाहेर काढायची: मूव्ह ॲक्शन. स्वतः प्यायची: स्टँडर्ड ॲक्शन. शिवाय शेजारच्या शत्रूला फुकटात एक वार मिळणार, आणि तो वार तुमच्याऐवजी कुपीवरही करता येणार. बेशुद्ध सोबत्याला पाजायची: फुल-राउंड ॲक्शन, कारण थेंब थेंब घशात उतरवायचं असतं. कुपी हातात नसेल तर या पाळीला काढा, पुढच्या पाळीला पाजा.

म्हणजे पाजणं महाग झालं, अगदी वास्तवाला धरून. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये हे आपण प्रथमोपचारात शिकतोच. पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूने एक गोष्ट गुपचूप गायब झाली. कोमा! आठवड्याची विश्रांतीही गेली. पॉइंट एकावर आले की पठ्ठ्या शुद्धीवर, तलवार उचलून पुन्हा हजर. पाजणं आता मदत राहिलं नाही, गुंतवणूक झाली.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने पिण्याचा दर पाडून मायनर ॲक्शनवर, म्हणजे सुट्ट्या पैशांवर आणला. पण साधं हीलिंग पोशन प्यायला तुमच्या शरीराचा राखीव साठा, 'हीलिंग सर्ज', खर्च व्हायचा. औषध बाहेरचं, ताकद तुमचीच. मला ही कल्पना फार आवडते, पण त्या आवृत्तीवर लोक इतके चिडलेले की तिच्यातलं चांगलंही कोणी बघितलं नाही. असो.

२०१४: गणित कुठे चुकलं

आता येतो दगडोबाचा मारेकरी, म्हणजे पाचव्या आवृत्तीचा नियम. पिणं एक ॲक्शन, पाजणंही एक ॲक्शन. सुटसुटीत, लक्षात ठेवायला सोपा. पण जरा आकडे मांडू.

साध्या पोशनने चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक २ इतके पॉइंट मिळतात. सरासरी ७. राक्षसाच्या सोट्याचा एक फटका: आठ बाजूंचे दोन फासे अधिक ४. सरासरी १३. म्हणजे उभं असताना तुम्ही अख्खी पाळी घालवून ७ कमवता आणि पुढचा फटका १३ घेऊन जातो. शुद्ध तोटा.

दुसरीकडे, या आवृत्तीत हिट पॉइंट शून्याखाली जातच नाहीत. तुम्ही शून्यावर असताना ७ मिळाले काय आणि १ मिळाला काय, तुम्ही उठून उभे! मग शहाणा खेळाडू काय करेल? जखमी सोबत्याला पाजणार नाही. तो पडायची वाट बघेल, मग पाजेल. तो परत पडेल, परत पाजेल. लोक याला यो-यो म्हणतात. आमच्याकडे 'डुलणारी बाहुली' म्हणायचे. नियम लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात असं नसणार. पण आपण सिस्टिम डिझाइन करताना लोकांना काय वाटावं ते ठरवतो, आणि लोक मात्र कशाला किती पॉइंट मिळतात ते बघतात. ज्यांनी कधी ऑफिसात टाइमशीट भरलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. शेजारच्याचा अडलेला बग सोडवायला दोन तास दिले, तर ते भरायला टाइमशीटमध्ये रकानाच नसतो. मग माणसं वाईट नसतात, पण हळूहळू मान वर करायची थांबतात.

चिंगीने सुरा का मारला? कारण मी तिला मदत आणि मार यातलं एकच निवडायला लावलं, आणि गणित माराच्या बाजूने होतं.

जगभरच्या टेबलांवर हेच होत होतं बहुतेक, कारण एक घरगुती नियम सगळीकडे पसरला: स्वतः प्यायचं तर बोनस ॲक्शन, दुसऱ्याला पाजायचं तर पूर्ण ॲक्शन. २०१५ पासून इंटरनेटवर चाललेल्या 'क्रिटिकल रोल'मध्ये मॅट मर्सरच्या टेबलावर तो दिसला आणि लाखोंनी उचलला. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या कॉम्प्युटर गेममध्ये पिणं बोनस ॲक्शनच आहे. वर तिथे कुपी सोबत्यांच्या पायाशी फेकून फोडली तरी उडालेल्या थेंबांनी ते बरे होतात! गायगॅक्सने यावर नक्की एखादा तक्ता केला असता.

हुतूतूचं शहाणपण

थोडं विषयांतर. आपण हे सगळं लहानपणी केलेलं आहे. 'टॅम्प्लीज' म्हटलं की कोणी पकडायचं नाही, किती वेळ ते भांडणावर अवलंबून. धाकट्या भावाला 'कच्चा लिंबू' करायचं, म्हणजे तो खेळतो पण बाद होत नाही. घरगुती नियम म्हणजे दुसरं काय?

आणि हुतूतू-कबड्डी तर याच प्रश्नाची तीन उत्तरं देते. 'संजीवनी' प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी उठून आत येतो. 'गामिनी'त बाद तो बाद, अख्खा संघ संपेपर्यंत बाहेर. 'अमर'मध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहतो, फक्त समोरच्याला गुण मिळतो. १९७४ चं डी अँड डी म्हणजे गामिनी. २०१४ चं म्हणजे संजीवनी, आणि ताळतंत्र सुटलं की जवळजवळ अमर. नाव बघा, 'संजीवनी'! पण कबड्डीतली संजीवनी फुकट नाही. आपला गडी उठवायचा तर समोरचा बाद करावा लागतो. मारणं आणि वाचवणं एकाच चढाईत. चिंगीला तेच तर हवं होतं.

२०१९ मध्येच आलेल्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत मला सगळ्यात समंजस उत्तर सापडलं. तिथे प्रत्येक पाळीला तीन ॲक्शन. कुपी काढायला एक, प्यायला एक, उरली एक. आणि मरणाच्या दारातून परत आलेल्याला 'जखमी' असा शिक्का बसतो. परत पडलात तर मरणाच्या एक पायरी जवळ, आणखी पडलात तर आणखी जवळ. शरीर विसरत नाही. गायगॅक्सचा कोमा नव्या रूपात परत आला म्हणायचा.

आणि दगडोबा?

मित्र दोन आठवडे आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला तो एक बारीकसा एल्फ घेऊन. दगडोबाचं नाव कोणी काढलं नाही. घडी घातलेला कागद माझ्याकडेच राहिला. मग २०२० आलं, टेबल सुटलं, आम्ही स्क्रीनवर खेळायला लागलो. मैत्रीण नोकरीसाठी बाहेरगावी गेली.

२०२४ मध्ये, डी अँड डी ला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, नियमांची सुधारित पुस्तकं आली. एका रात्री मैत्रिणीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. हीलिंग पोशनचा मजकूर, बोटाने दाखवलेला. पिणं बोनस ॲक्शन. पाच फुटांच्या आतल्या सोबत्याला पाजणं, तेही बोनस ॲक्शन. खाली एकच शब्द: "आता?"

मी लिहिलं, "आता चालेल."

"पाच वर्षं उशीर केलास."

खरंय. पण तरी सांगतो, हा नियम वाचून मला निखळ आनंद नाही झाला. फुकटात पाजता येत असेल तर पाजण्याला अर्थ काय उरला? त्या रात्री आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो, कारण काहीतरी सोडावं लागणार होतं. नवीन नियमात चिंगीने कुपीही ओतली असती, सुराही मारला असता, आणि आम्ही पुढच्या पाळीला लागलो असतो. दगडोबा जगला असता, पण ती रात्र आज कोणाला आठवली नसती.

म्हणून आता आमच्या टेबलावर तडजोड आहे. पाजणं बोनस ॲक्शन, कारण मदत करणाऱ्याला दंड नको. पण शून्यावरून उठलेल्याला दरवेळी दमणुकीची एक पायरी चढते आणि ती उतरायला झोपच लागते. किंमत आहे, फक्त ती वाचवणाऱ्याकडून न घेता पडण्याकडून घेतो. बरोबर आहे की चूक माहीत नाही, अजून टेस्टिंग चालू आहे.

आणि हो, एक नियम मी पुस्तकाबाहेरचा केलाय. कोणाचं पात्र मरणाच्या दारात असेल आणि वाद निघाला, तर मी पुस्तक उघडत नाही. त्या पात्राच्या खेळाडूला विचारतो, "तुला काय वाटतं?" त्या रात्री आम्ही दोघं पानं उलटत भांडत होतो आणि दगडोबाचा मालक समोर गप्प बसून होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ता. क. : गेल्या महिन्यात मित्राला तो घडी घातलेला कागद परत दिला. हिट पॉइंटच्या चौकटीत मी पेन्सिलने ७ लिहून ठेवलं होतं. त्याने बघितलं, हसला, आणि म्हणाला, "फासे टाकून घेतलेस की सरासरी?"